सक्तीचा ध्वज आणि निवडलेला देश

अमेरिकेतील ‘ड्रम अँड ब्यूगल कोर’ हा कलाप्रकार मराठी वाचकाला फारसा परिचित नाही. फुटबॉलचे मैदान हाच त्याचा रंगमंच. पितळी वाद्ये आणि ढोल वाजवत तरुण मुले-मुली चालतात, त्यांच्या चालण्यातून मैदानावर आकृत्या उमटतात आणि मोडतात; सोबत झेंडे व लाकडी बंदुका फिरवणारा संघ असतो. दहा-बारा मिनिटांत सारे संपते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’सारख्या (स्थापना १९१९) संघटनांनी हा प्रकार वाढवला. त्यामुळे देशभक्ती हा येथे रचनाकाराने निवडलेला विषय नव्हता, ती नियमावलीतच होती. राष्ट्रध्वजाला मानवंदना देण्याचा प्रसंग प्रयोगात असावाच लागे आणि ध्वज हाताळताना चूक झाली तर गुण कापले जात.

जे सर्वांनाच दाखवणे भाग आहे, ते आपले म्हणून कसे दाखवावे? वायोमिंग राज्यातील कॅस्पर या गावी जिम जोन्स यांनी १९५७ मध्ये ‘ट्रूपर्स’ हे पथक उभे केले, तेव्हा त्यांनी याचे उत्तर स्थानिक इतिहासात शोधले. गणवेश घेतला तो अकराव्या ओहायो घोडदळाचा. गीत, यादवी युद्धातील ‘बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक’. आणि आकृती, सूर्यकिरणांसारखी मैदानभर फाकणारी. अमूर्त ‘राष्ट्र’ बाजूला सारून एका गावाची स्मृती पुढे आणणारी ही रचना आम्हाला त्या काळातील सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते.

मात्र तो गणवेश नीट वाचला पाहिजे. कॅस्पर हे नाव आले कॅस्पर कॉलिन्स या त्याच घोडदळातील तरुण लेफ्टनंटवरून. जुलै १८६५ मध्ये प्लॅट ब्रिजच्या लढाईत लकोटा व शायेन योद्ध्यांशी लढताना तो मारला गेला. त्याआधी, नोव्हेंबर १८६४ मध्ये, कोलोरॅडोतील सँड क्रीक येथे सैनिकांनी शायेन व अरापाहो वस्तीवर हल्ला करून बायकामुलांची कत्तल केली होती, आणि प्लॅट ब्रिजची लढाई त्यानंतर पेटलेल्या संघर्षातली. मैदानावर निळा गणवेश दिसतो, समोरची बाजू दिसत नाही. ऐतिहासिक कादंबरी शिकवताना निवेदक कोणाच्या छावणीत उभा आहे हे आपण विद्यार्थ्यांना विचारतो; येथेही तोच प्रश्न लागू पडतो.

१९७१ मध्ये, व्हिएतनाम युद्ध चालू असताना, न्यू जर्सीच्या ‘गारफील्ड कॅडेट्स’नी ‘नो मोअर वॉर’ हा प्रयोग केला आणि मैदानावर शांतिचिन्ह रेखाटले. माजी सैनिकांच्या छायेत वाढलेल्या कलेत हे घडावे, हे धाडसच. आमच्या मते तोही देशभक्तीचाच प्रयोग होता. सैनिक-संघटनांच्या नियमांना कंटाळलेली पथके याच सुमारास वेगळी झाली. त्यांच्या ‘ड्रम कोर इंटरनॅशनल’ची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाली. पुढे ध्वजवंदनाची सक्तीही सरली, आणि कोणता देश दाखवायचा हे रचनाकारालाच ठरवावे लागले.

याच गारफील्ड पथकाने ॲरन कोपलंड या संगीतकाराकडे वळावे, हे लक्षणीय आहे. कोपलंडने १९४२ मध्ये लिहिलेली ‘लिंकन पोर्ट्रेट’ ही वाद्यवृंद आणि निवेदक यांच्यासाठीची रचना आज देशभक्तीचा नमुना मानली जाते. पण जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या शपथविधीनिमित्तच्या मैफलीतून ती वगळण्यात आली, कारण एका काँग्रेस सदस्याला संगीतकाराचे डावे संबंध खटकले होते! या पथकाने १९८७ मध्ये कोपलंडचे ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ सादर करून अजिंक्यपद मिळवले. २००४ पासून मैदानावर ध्वनिवर्धकास परवानगी मिळाली, त्यामुळे निवेदकाचा आवाज शक्य झाला. आणि २०१४ मध्ये ‘प्रॉमिस: ॲन अमेरिकन पोर्ट्रेट’ या प्रयोगात लिंकन मैदानात अवतरले.

दोहोंत आमचा कौल १९८७ च्या बाजूने आहे. लिंकनचे शब्द कानी पडले की टाळ्या ठरलेल्याच. ‘ॲपलाचियन स्प्रिंग’मध्ये मात्र नवे घर वसवणाऱ्या जोडप्याची गोष्ट शब्दांवाचून केवळ सुरांतून आणि चालण्यातून उभी करावी लागते. ते पथक २०२४ मध्ये बंद पडले.