औंधचे सूर्यनमस्कार आणि खेड्यांतील मुलें

खेड्यांतील मुलांस व्यायाम कशाला हवा, हा प्रश्न आपल्याकडे सुशिक्षितांनींही पुष्कळदां विचारलेला आहे. जीं मुलें औतामागें चालत, मोट हांकीत, गुरांमागें रानोमाळ हिंडत, त्यांस शाळेंत नेऊन पुन्हां अंगमेहनत करावयास लावणें व्यर्थ होय, असा त्यामागील आशय. या आक्षेपास कृतीनें उत्तर देण्याचा एक प्रयत्न औंध या लहानशा संस्थानांत झाला. त्याची आठवण आज करण्यास कारण आहे.

खेड्यांत व्यायाम नव्हताच असें नाहीं. तालमी होत्या, आणि कुस्तीस राजाश्रयही होता. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं उभारलेलें खासबागेचें मैदान १९१२ सालीं पुरें झालें. परंतु तालमीचा स्वभावच निवडीचा. वस्ताद हाडापेरानें मजबूत असा एखादा मुलगा निवडी; त्याच्या खुराकास दूधतूप लागे; बाकीचे कुस्त्या पाहावयास जात. मुलींचा तर तेथें विचारच नव्हता. पैलवान तयार करणें आणि सर्व मुलें निकोप वाढविणें, हीं दोन कामें भिन्न आहेत.

१९०९ सालीं औंधच्या गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं हें दुसरें काम हातीं घेतलें. संस्थान केवढें? विखुरलेलीं सुमारें ७२ गांवें, आणि तींही बहुतेक माणदेशाच्या अवर्षणी मुलखांतलीं. क्रीडांगणें व साहित्य यांवर खर्च करण्याइतकी ऐपत नाहीं. राजेसाहेबांनीं सूर्यनमस्कार निवडले ते यामुळेंही. त्यांस उपकरण लागत नाहीं, आणि जागा लागते ती मूल आडवें होईल इतकीच. ते स्वतः नित्य नमस्कार घालीत. त्यांनीं शाळांतून मुलामुलींस ते सक्तीचे केले आणि त्यांवर पुस्तकें लिहिलीं. त्यांच्या विचारांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्यें निघालें.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं. श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. खुरपणारें मूल तासन् तास वांकून बसतें; त्याचे ठराविक स्नायू शिणतात आणि बाकीचे तसेच राहतात. श्रमाचें माप शेत ठरवितें, मुलाचें वय नव्हे. नमस्कारांत कणा पुढें वांकतो तसा मागेंही वळतो, श्वास पुरा घेतला जातो, आणि संख्या शक्तीप्रमाणें वाढवितां येते. श्रम शरीर खर्ची घालतात. व्यायामानें तें घडवावयाचें असतें.

परंतु घडविण्यास अन्नही लागतें, आणि येथें राजाज्ञेची मर्यादा दिसते. याच संस्थानांत वाढलेले व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ सालीं प्रसिद्ध झाली. तींतला तरुण शाळामास्तर धनगरांच्या वस्तीकडून तालीम बांधून घेतो. खुद्द राजा ती पाहावयास येतो. पुढें दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. कथा कल्पित असली तरी तिचा बोध खरा आहे : ज्या गांवांत भाकर नाहीं तेथें आखाड्याची माती कोण अंगाला लावणार? उपाशी मुलाकडून नमस्कार मोजून घेणें हा व्यायाम नव्हे, जाच होय.

१९४८ सालीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज तर आक्षेपाचा पायाच ढांसळला आहे. औताची जागा बहुतेक ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली, मोट गेली, आणि शाळेची वाट अनेक मुलें गाडींतून कापतात. खेड्यांतून आलेले माझे कांहीं विद्यार्थी दोन जिने चढतांना धापा टाकतात, हें मी नेहमी पाहतों. असें असून वेळापत्रकांतला व्यायामाचा तास परीक्षा जवळ आली कीं गणितास दिला जातो, आणि त्याबद्दल कोणी पालक तक्रार करीत नाहीं. श्रम करीत म्हणून पूर्वी मुलांस व्यायाम नको होता. आतां श्रम उरले नाहींत तरी तो नकोच आहे. औंधच्या राजानें निदान पहांटे उठून स्वतः आधीं नमस्कार घातले होते. आपल्यांतील किती शिक्षक आणि किती बाप तेवढें करावयास तयार आहेत?