मरियेच्या चित्रातील पक्षी, फळ आणि निळाई
पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीत रंगवल्या गेलेल्या ‘मॅडोना’ चित्रांत, म्हणजे मरिया आणि बाल येशू यांच्या चित्रांत, वात्सल्याइतकीच मृत्यूची पूर्वसूचनाही असते, हे आजच्या प्रेक्षकाच्या सहसा ध्यानी येत नाही. राफाएलने 1505-06च्या सुमारास फ्लॉरेन्समधील व्यापारी लोरेंझो नाझी याच्या विवाहानिमित्त रंगवलेल्या चित्रात बालवयातील योहान, जो पुढे येशूला बाप्तिस्मा देणार आहे, गोल्डफिंच हा छोटा पक्षी येशूपुढे धरतो. हा पक्षी काटेरी झुडपांच्या बिया खातो, आणि येशूच्या कपाळात रुतलेला काटा उपसताना उडालेल्या रक्ताने त्याचे तोंड तांबडे झाले, अशी आख्यायिका असल्याने तो क्रुसावरील यातनांचे प्रतीक ठरला. बोत्तिचेल्लीच्या 1487च्या सुमाराच्या चित्रातील उकललेले डाळिंब यातनांबरोबर पुनरुत्थानही सुचवते. मरियेच्या झग्याची निळाई स्वर्गाची खूण खरी, पण बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून बनणारा तो रंग इतका महाग असे, की त्याची प्रत कित्येकदा करारातच ठरवली जाई. भक्तीच्या आडून आश्रयदात्याचे ऐश्वर्यही मिरवले जाई. सोळाव्या शतकाच्या मध्यास नाझींचे घर कोसळले, तेव्हा राफाएलच्या चित्राचे तुकडे झाले. ते सांधून जपलेले चित्र आज फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे.