पिंपरीच्या मातीतले औषध

शाहूपुरीच्या गूळपेठेत पावसाळ्यात ढेपेवर हिरवट-पांढरी लव दिसली की व्यापारी कपाळाला हात लावतात. हीच जात फुप्फुसात किंवा नाकामागच्या पोकळीत रुजली, तर जिवावर बेतते. २०२१ मध्ये ‘काळी बुरशी’ आणि अँफोटेरिसिन हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. त्याच कुळातले एक औषध साठ वर्षांपूर्वी आपल्या पिंपरीत सापडले होते, याची आठवण तेव्हा फारशी कुणी काढली नाही.

१९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये मं. जी. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले सूक्ष्मजीव तपासत होते. १९६१ मध्ये त्यांनी हामायसिन जाहीर केले. नावातला ‘हा’ म्हणजे कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे म्हणावीत, आणि ज्या जिवाणूपासून ते मिळाले त्याला नावही ‘पिंपरिना’.

अशा औषधाचा कस लावणे मात्र सोपे नव्हते. जिवाणूंसाठी रूढ असलेली पद्धत अशी: आगरच्या थाळीत जंतू पेरायचे, मध्ये औषध ठेवायचे आणि भोवतीचे मोकळे वर्तुळ मोजायचे. पण या गटातले रेणू मोठे आणि पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. ते आगरात नीट पसरतच नाहीत. वर्तुळ लहान दिसले, तर औषध दुबळे की फक्त आळशी, हे कळायचे कसे? म्हणून औषध निम्मे-निम्मे पातळ करत नळ्यांची रांग लावायची आणि कोणत्या नळीत वाढ थांबते ते पाहायचे. त्यातही बुरशी यीस्टसारखी सुटी वाढत नाही, तंतूंचा गुंता होतो. म्हणून मोजून घ्यावे लागतात ते बीजाणू. तंतुमय बुरशीसाठी अमेरिकेतला सर्वमान्य प्रमाणग्रंथ अंतिम रूपात आला तो २००२ मध्ये. त्यातही वाचनाची वेळ जातीगणिक वेगळी: ऱ्हायझोपससाठी सुमारे एक दिवस, अ‍ॅस्परजिलससाठी दोन.

काचेत हामायसिन उत्तम ठरले. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिसच्या रुग्णांनाही ते तोंडाने देऊन पाहिले गेले, पण पोटातून रक्तात ते पुरेसे आणि सारखे उतरेना. शेवटी त्याचा वापर मुख्यतः वरून लावण्यापुरता राहिला. अपयश म्हणावे, तर ते नळीतल्या आकड्यांचे नव्हते. नळीला आतडे नसते, इतकेच.