जुनाट वाढती रक्तगाठ

जुनाट वाढती रक्तगाठ : मुका मार, शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावी विकार यांमुळे साकळलेल्या रक्ताची न विरणारी, महिना उलटल्यावरही वाढतच राहणारी गाठ. ती बहुधा मांडी, नितंब वा धडावर होते. क्षयासाठी छातीवर शस्त्रक्रिया झालेल्यांत ती कित्येक दशकांनीही आढळली आहे. १९८०मध्ये रीड व सहकाऱ्यांनी तिला स्वतंत्र विकार म्हणून मांडले.

गाठ वाढते ती आतल्या रक्तामुळेच. फुटलेल्या तांबड्या पेशींतील द्रव्यांनी भोवती दाह होतो, तंतुमय कवच धरते आणि कवचाखालच्या नाजूक केशवाहिन्या पुन्हापुन्हा पाझरतात. म्हणूनच काढलेली गाठ चिरली की जाड पांढुरक्या कवचात चॉकलेटी लगदा दिसतो आणि कडेला ताज्या लाल गुठळ्या.

खरा पेच निदानाचा. सारकोमा हा कर्करोगही असाच वेदनेविना वाढतो आणि त्यातही रक्तस्राव होतो. मार वर्षांपूर्वीचा असला तर रोगी तो विसरलेला असतो, घरच्यांनाही विचारावे. मात्र मार आठवला म्हणून निर्धास्त होऊ नये. आधीपासूनच असलेल्या गाठीकडे पुष्कळदा मार लागल्यावरच पहिल्यांदा लक्ष जाते. एमआरआयमध्ये कवच काळ्या कड्यासारखे दिसते, आतला भाग जुन्या-नव्या रक्तामुळे ठिगळाठिगळांचा. पेट स्कॅनवर दाहामुळे कडा उजळते, त्यामुळे कर्करोगाचा भास होऊ शकतो.

सुईने मधला नमुना घेतला तर बहुधा नुसते रक्त हाती येते. तेवढ्यावरून ‘कर्करोग नाही’ म्हणणे धोक्याचे आहे. स्कॅनमध्ये रंगद्रव्य घेणाऱ्या कडेच्या घन भागातून नमुना हवा, आणि सुईची वाट पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदात येईल अशी आखलेली हवी.

उपचार म्हणजे कवचासकट गाठ काढणे. नुसते रक्त उपसले तर कवच राहते आणि गाठ पुन्हा भरते. गाठ मोठी असल्यास आधी तिच्या रक्तवाहिन्या आतून बंद करतात. काढलेली गाठ, विशेषतः तिची भिंत, सूक्ष्मदर्शकाखाली नीट तपासल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

हिमोफिलिया या रक्तस्रावी विकारातील अशा गाठीला आभासी अर्बुद म्हणतात. तिला सुई लावल्यास अनावर रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा न भरणारी जखम होऊ शकते. म्हणून तिथे नमुना घेणे टाळतात. आधी रक्त गोठवणारा उणा घटक देतात आणि शस्त्रक्रिया लागलीच तर तो नंतरही, जखम भरेपर्यंत, चालू ठेवतात.