सहयोगी आरोग्य-व्यावसायिकांचे स्वास्थ्य (बारामती–इंदापूर परिसर)

प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, क्ष-किरण तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आदी जी मंडळी डॉक्टर व परिचारिका यांच्या जोडीने रुग्णसेवेचा भार वाहतात, त्यांची शारीरिक व मानसिक निरामयता राखण्याचा, आणि तिची तजवीज त्यांच्या शिक्षणक्रमात व सेवाशर्तींत करण्याचा विषय.

नीरा डाव्या कालव्याखालील या बागायती मुलखात माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, आणि भिगवण व इंदापूर यांवरून पुणे–सोलापूर महामार्ग अहोरात्र वाहत असतो; कोयत्याने कापलेला हात, मोळ्या वाहून धरलेली कंबर व अपघातातील जखमी हे येथील रुग्णालयांच्या नित्य परिचयाचे. मजुराची कंबर सोडविणाऱ्या फिजिओथेरपिस्टची स्वतःची कंबरही रुग्णाला उचलताना व वळविताना तितकीच धोक्यात असते, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. अध्यापन-रुग्णालय म्हटले की रक्ततपासणी व क्ष-किरण विभागाला रात्रपाळी चुकत नाही.

काम माणसाच्या देहाला व मनाला साजेसे असावे, हे तत्त्व ज्या शास्त्राचा पाया आहे त्या व्यवसायोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात स्थापिले. हे तत्त्व रुग्णाइतकेच उपचारकालाही लागू करणे, हाच या विषयाचा गाभा होय.

त्याचे व्यावहारिक रूप साधे आहे. पहिल्या वॉर्ड-पोस्टिंगपूर्वी कावीळ-ब लसीचे डोस विद्यार्थ्यास मिळालेले असावेत. रक्त काढताना सुई टोचलीच, तर जखम न पिळता साबण व वाहत्या पाण्याने धुवून तत्काळ वर्दी द्यावी, म्हणजे एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, निदान ७२ तासांच्या आत, सुरू करता येते. वर्दी दिल्याबद्दल बोलणी खावी लागतील या भयाने विद्यार्थी सुई टोचल्याचे लपवितो, आणि हे भय घालविणे लस टोचण्याहून कठीण आहे. क्ष-किरण तंत्रज्ञाने शिशाच्या एप्रनाआड, छातीवर, किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावावा; त्याच्यासाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट इतकी आहे.

मनाच्या थकव्याला असा बॅज नाही. कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या या अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली व्यवसायजन्य बाब म्हणून दखल घेतली. तिचा उपाय योगदिनाच्या एका सकाळपेक्षा रात्रपाळीनंतरच्या हक्काच्या सुटीत, पुरेशा मनुष्यबळात आणि ज्याच्यापाशी मोकळेपणाने बोलता येईल अशा वडीलधाऱ्या सहकाऱ्यात अधिक आहे. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याने सहयोगी व्यावसायिकाच्या शिक्षणास किमान २,००० व आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीस किमान ३,६०० तास ठरवून दिले. त्या तासांत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्वास्थ्याला जागा काढून देणे हे आता अभ्यासक्रम आखणाऱ्यांचे काम आहे.