माणदेशचे दुष्काळ आणि दप्तरांतील रयत

सातारा म्हटलें कीं छत्रपतींची गादी आठवते, आणि सांगली म्हटलें कीं पटवर्धनांचें संस्थान. परंतु ज्या रयतेच्या वसुलावर ही गादी व हीं संस्थानें चाललीं, ती रयत अवर्षणाच्या सालीं काय खात होती व कोणाकडे तोंड करीत होती, हा प्रश्न आमच्या संशोधनांत क्वचितच पुढें येतो. प्रस्तुत लेखांत त्याचा थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

प्रथम भूमीची स्थिति पाहूं. महाबळेश्वरीं दरसाल 200 इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यांतील माण तालुक्यांत तो 20 इंचांच्या आसपास असतो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी व जत हा सारा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. कृष्णाकांठीं पाटस्थळ व मोटस्थळ बागाईत. इकडे बाजरी, हुलगा, मटकी आणि मेंढरांचे कळप. 1949 सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले व दक्षिण साताऱ्यास 1960 पासून सांगली हें नांव मिळालें. पण दुष्काळानें ही सीमा कधींच मानिली नाहीं.

दुर्गादेवीच्या दुष्काळाची परंपरागत स्मृति चौदाव्या शतकाच्या अखेरीची आहे. शके 1552 च्या सुमाराचा, म्हणजे इ. स. 1630-32 चा दुष्काळ तर सर्व दख्खनभर पसरला होता. अशा प्रसंगीं राज्यकर्त्याजवळ जे उपाय असत, त्यांचीं नांवें मोडी कागदांच्या वाचकांस परिचितच आहेत : वसुलांत सूट, लावणीस कौल, चढता इस्तावा आणि तगाई. ह्या धोरणाचा उत्तम नमुना माणदेशांतला नसून कोंकणांतला आहे. श्रीशिवछत्रपतींनीं 1676 सालीं प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेल्या पत्रांत, ज्या कुणब्यास बैल व दाणे नाहींत त्यास तें पुरवावें, आणि पुढें त्याची ऐपत येईल तसतसें वाढीदिढी न घेतां मुद्दलच उगवून घ्यावें, असा आशय आहे. धोरण उदार खरें. तथापि तें धन्याच्या कृपेवर अवलंबून होतें. कृपा करणारा बदलला कीं रयतेस मागण्यास आधार उरत नसे.

इंग्रजी अमलांत 1876-78 चा दुष्काळ पडला, तेव्हां उपायाचें स्वरूप पालटलें. दुष्काळी कामें निघालीं. माण नदीवरील म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा, तलाव हा त्याच कामांचा अवशेष होय. परंतु मजुरी ठरवितांना रयतेच्या पोटापेक्षां खजिन्याकडे अधिक लक्ष होतें. 1877 च्या आरंभीं रोजी एक पौंड धान्य हें परिमाण धरून मजुरी घटविण्यांत आली. तेव्हां दख्खनच्या जिल्ह्यांत पुष्कळ मजूर कामें सोडून गेले व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे अर्ज केले. आमच्या मतें ही गोष्ट लहान नाहीं. पूर्वी रयत सूट मागत असे. येथें ती कामाचें वाजवी मोल मागूं लागली. पुढें 1883 सालीं दुष्काळाचे नियम व जमीनसुधारणेच्या कर्जाचा कायदा झाला; तगाईस कायद्याचें रूप आलें, पण ती व्याजी राहिली.

तिसरा पालट तासगांव तालुक्यांतील विसापूरच्या एका गृहस्थांच्या नांवाशीं निगडित आहे. वि. स. पागे हे राज्याच्या विधान परिषदेचे सभापति होते. काम मागेल त्यास काम मिळालेंच पाहिजे, ही त्यांची कल्पना 1972-73 च्या दुष्काळांत कसोटीस लागली. 1977 सालीं रोजगार हमीचा कायदा संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलांत आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास भत्ता देण्याचें बंधन सरकारवर पडलें, आणि खर्चासाठीं नगरवासी नोकर-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. 2005 सालीं मध्यवर्ती सरकारनेंहि ह्याच तत्त्वावर कायदा केला.

मात्र मजुरीनें साल निभावतें, शेत भिजत नाहीं. म्हणून चौथी पायरी पाण्याची. खानापूर तालुक्यांत येरळेवर तांदूळवाडी व बलवडी येथील लोकांनीं 1980 नंतरच्या दशकांत बळीराजा धरण उभारिलें. त्यांत भूमिहीनांसकट प्रत्येक कुटुंबास पाण्याचा सारखा वांटा असें तत्त्व ठरलें. आटपाडीकडे 1993 पासून पाणी परिषदा भरूं लागल्या, त्यांतहि समान वांटपाची हीच मागणी होती. टेंभू येथून कृष्णेचें पाणी उचलून ह्या मुलखांत आणण्याची योजना झाली; परंतु आलेलें पाणी ऊंसास किती व बाजरीस किती, हा वाद पाण्याबरोबरच आला.

सूट, मजुरी, काम आणि पाणी ह्या क्रमावरून आमचें अनुमान असें कीं, अवर्षण आकाशांतून येतें, पण उपासमार हक्काच्या अभावीं होते. पाऊस माणदेशांत पूर्वीहि थोडाच होता; बदललें तें रयतेचें मागणें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. तह, महजर व वंशावळी आपण जपून ठेवितों. परंतु तगाईच्या याद्या, पाटाच्या पाळीचे कागद, पेवांचे हिशेब व दुष्काळी कामांचे हजेरीपट रद्दीच्या भावानें जातात. पाटील-कुळकर्ण्यांच्या घरचा असा रुमाल हातीं आल्यास त्यांत लढाई नाहीं म्हणून तो बाजूस टाकूं नये. ज्यांनीं काम सोडून जाण्याचें धाडस केलें, त्यांचीं नांवें दुसरीकडे कोठेंहि सांपडणार नाहींत.