शेजवलकर आणि आमचा प्रतापगड

प्रतापगड म्हटले की मराठी वाचकाला अफझलखान आठवतो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातही एक प्रतापगड आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. मराठ्यांच्या इतिहासात मात्र हा मुलूख क्वचितच डोकावतो.

या मुलखाचा माग काढताना मी त्र्यंबक शंकर शेजवलकरांकडे (१८९५–१९६३) वळलो. ते कोकणातल्या कशेळीचे. ‘प्रगति’ साप्ताहिकाचे संपादक, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इतिहाससंशोधक. ‘नागपूर अफेअर्स’ या दोन खंडांत (१९५४, १९५९) त्यांनी मेणवली दप्तरातील नागपूरविषयक मराठी पत्रे प्रसिद्ध केली. नागपूरकर भोसल्यांच्या अभ्यासकाला हे खंड टाळता येत नाहीत.

पण हे दप्तर नाना फडणविसांचे. त्यामुळे त्यात पुण्याला हवे तेवढेच नागपूर दिसते. नागपूरच्या पूर्वेची झाडी, तिथले गोंड आणि शेजारच्या नवेगावचा तलाव बांधणारे कोहळी यांनी पुण्याला पत्रे लिहिली नाहीत. त्यांची नोंद तलावाच्या पाळीत आणि धानाच्या बांध्यांत शोधावी लागते.

बातमी कोणी, कोणासाठी पाठवली, हे पत्रकार आधी विचारतो. शेजवलकरांच्या खंडांनाही आपण तोच प्रश्न विचारावा, असे मला वाटते. तसे झाले तरच या दुसऱ्या प्रतापगडाचा इतिहास लिहायला सुरुवात होईल.